श्रीनिवासरावांची गुणपडताळणी

श्रीनिवासराव मेहेंदळे यांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तीसपैकी एकवीस गुण पडले, आणि ते स्वतः घरी पोचायच्या आत ही बातमी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या गल्लीत पोचली होती.

परीक्षेला बसायची हौस मुळात त्यांचीच. झालं होतं असं, की त्यांची मुलगी स्वराली हैदराबादला असते, तिची दुसरी खेप मार्चमध्ये होती, आणि त्यांच्या पत्नी हेमाताईंनी तीन महिने तिच्याकडे जाऊन राहावं असं ठरलं होतं. श्रीनिवासरावांनीही सोबत जावं असं मात्र कुणीच सुचवलं नाही. मागच्या खेपेला ते गेले होते, तेव्हा त्यांनी जावयाच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावरचं इंग्रजी लाल पेनानं दुरुस्त केलं होतं, आणि सेक्रेटरींना दहापैकी चार दिले होते.

मग यांचं तीन महिने काय करायचं? मुलगा अवधूत पुण्याच्या टोकाला, मांजरी गावात, चौदाव्या मजल्यावर राहतो. बाबांनी आपल्याकडे यावं, खोली मोकळी आहे, असं त्याचं म्हणणं. श्रीनिवासराव तिथं याआधी दोन दिवस राहून आले होते. एका खिडकीतून ऊस दिसतो, दुसऱ्या खिडकीतून समोरच्या इमारतीतले लोक जागच्या जागी पळताना दिसतात. आणि पायी जाऊन भांडता येईल असं एकही दुकान नाही.

"मी इथंच एकटा राहीन," त्यांनी फोनवर जाहीर केलं. दोन्ही मुलं फोनवर होती. मग अवधूतनं गेल्या महिन्यातल्या दुधाची आठवण करून दिली. दूध गॅसवर होतं आणि बाबा वाचनालयात होते. श्रीनिवासरावांची बाजू अशी, की हेमानं त्यांना दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते त्यांनी ठेवलं होतं. गॅस बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

नेमक्या त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर एका दवाखान्याची सूचना लागली: पासष्टच्या पुढच्यांसाठी स्मरणशक्ती व दैनंदिन कार्यक्षमता तपासणी शिबिर, लेखी अहवाल मिळेल. 'लेखी' हा शब्द वाचून श्रीनिवासरावांना धीर आला. त्यांची एकतीस वर्षं एका परीक्षा मंडळाच्या गुणपडताळणी विभागात गेली होती. नापास मुलांचे अर्ज यायचे, हे फेरबेरीज करायचे आणि खाली लिहायचे, 'गुणांत बदल नाही.' अशी हजारो पत्रं त्यांनी सहीनिशी पाठवली होती आणि रोज रात्री शांत झोपले होते. कागदावर आलं की विषय संपतो, अशी त्यांची श्रद्धा होती. अहवाल आणायचा, त्याच्या तीन प्रती काढायच्या आणि मुलांना एकेक पाठवून द्यायची, असा बेत ठरला.

खालच्या मजल्यावरच्या रामदास खांबेट्यांनी हीच परीक्षा महिन्यापूर्वी दुसरीकडे दिली होती. त्यांना एकोणतीस पडले होते, आणि तेव्हापासून पाणी किती वाजता येतं असं विचारलं तरी त्यांच्या उत्तरात एकोणतीस यायचे. ते म्हणाले, "मेहेंदळे, पेपर ठरलेला असतो. तयारी करून जा." सदाशिव पेठेत क्लास लावल्याशिवाय कुणी कुठल्याच परीक्षेला बसत नाही. तेव्हा खांबेट्यांच्या गॅलरीत चार संध्याकाळी क्लास झाला. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. तीन शब्द सांगतात ते मध्ये दुसरंच काहीतरी विचारून झाल्यावर परत म्हणून दाखवायचे. शब्द कोणते, तेही खांबेट्यांनी फोडले: कमळ, पूल, चष्मा.

श्रीनिवासराव आंघोळ करतानासुद्धा "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, कमळ, पूल" असं पुटपुटायला लागले. हेमाताईंनी ते दाराबाहेरून ऐकलं आणि त्या दिवशी स्वरालीशी जरा हळू आवाजात बोलल्या. इकडे हे खुशीत होते. अभ्यास पुरा झाला होता.

शिबिर शनिवारी सकाळी संघाच्या हॉलमध्ये होतं. तपासणीला सुरुची नावाची मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची, हसऱ्या चेहऱ्याची. ती "काका" म्हणाली आणि गरजेपेक्षा थोडी मोठ्यानं बोलली, तिथंच श्रीनिवासरावांच्या मनावर पहिला ओरखडा उमटला. तारीख विचारली, ती त्यांनी सांगितली. तिथी विचारली नव्हती, तीही सांगितली. ऋतू कोणता, असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं की तिथीनं की सूर्यानं? तिथीनं हेमंत आहे, सूर्यानं शिशिर. सुरुची म्हणाली, कुठलाही सांगा. यावर ते म्हणाले, कुठलाही चालत असेल तर विचारता कशाला? तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. आपण कितव्या मजल्यावर आहोत, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. लिफ्टमध्ये तो पहिला मजला आहे, जिन्यावरच्या पाटीत दुसरा, आणि हे प्रकरण आठ वर्षं संघाच्या कार्यकारिणीपुढे पडून असल्यामुळे त्यावर बोलणं त्यांना योग्य वाटेना.

मग सुरुचीनं तीन शब्द सांगितले. ते त्यांनी ऐकले नाहीत. पाठ असलेली गोष्ट कोण ऐकतो? त्यांचं चित्त पुढच्या वजाबाकीत होतं. ती "शंभरातून सात" एवढं म्हणते तोच हे सुटले. पासष्टला तिनं थांबा म्हटलं, तरी अर्धवट काम सोडायची सवय नसल्यामुळे ते थेट दोनवर येऊन थांबले आणि विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहू लागले.

"छान. आता मगाचचे तीन शब्द सांगता?"

"कमळ, पूल, चष्मा."

सुरुचीनं कागद पाहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, काका, घाई नाही, नीट आठवून बघा. त्यांनी तेच तीन शब्द आणखी खणखणीत आवाजात म्हटले. तिनं सांगितलेले शब्द पतंग, विहीर आणि साखर होते, हे कळल्यावर ते म्हणाले की अभ्यासक्रम बदलला असेल तर तशी सूचना फळ्यावर लावायला हवी होती. पुढे आकृती काढायला सांगितली, तर त्यांनी पट्टी मागितली. पट्टी मिळणार नाही म्हटल्यावर चौकटीत 'साधनांअभावी' असा शेरा लिहून आकृती कोरी ठेवली.

यानंतर दुसरा भाग होता, रोजच्या कामांचा. त्यासाठी हेमाताईंना शेजारी बसवलं, कारण त्यात घरच्या माणसाचं म्हणणं विचारतात. आठ कामं होती. हेमाताईंच्या स्वभावात एक दोष आहे, त्या विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात.

स्वतः फोन लावतात का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, माझ्याकडे देतात आणि अमक्याला लाव म्हणतात. औषधं? हातावर ठेवली की घेतात. खरेदी? दोन वस्तू आणतात. तिसरी सांगितली की पहिली राहते. घरातली साफसफाई?

"मी केर काढत असले की पाय वर घेतात."

"आणि स्वयंपाक, चहा वगैरे?"

"चहा पितात," हेमाताई म्हणाल्या.

कपड्यांच्या बाबतीत त्यांना धुतलेले आणि न धुतलेले यातला फरक कळतो, असं निघालं. बँकेची कामं चोख, आणि बसनं एकटे कुठंही जातात, एवढीच काय ती जमेची बाजू. आठपैकी दोन. श्रीनिवासरावांनी हरकत घेतली. ही सगळी कामं आपल्याला येत नाहीत असं नव्हे. आपण ती करत नाही, कारण करायची वेळच आली नाही. हा फरक कुठंतरी नोंदवला पाहिजे.

सुरुचीनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "काका, येत नाही आणि करत नाही, याला फॉर्मवर एकच चौकट आहे."

अहवालात लिहिलं होतं: 'पुनर्तपासणीपर्यंत एकट्याने राहणे उचित नाही.' खाली सही, शिक्का.

खांबेटे बाहेर बाकावरच बसले होते, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून वाणी त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या विजयमालाबाई अठ्ठावीस वर्षं रोज जिन्यात भेटत होत्या. त्या आता भेटल्या की "मी विजयमाला, तिसरा मजला" असं सांगून पुढे जात. कुणी अक्रोड आणून दिले, कुणी ब्राह्मीचं तेल. वाचनालयातल्या माणसानं पुस्तक देताना विचारलं, न्यायला कुणी येणार आहे का? आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे, ज्यांनी चुकीचे शब्द पुरवले ते खांबेटे सगळ्यांना सांगत होते की लवकर लक्षात आलं हे बरं झालं.

पुढच्या रविवारी अवधूत आला. त्यानं खोली आवरून ठेवली होती, आणि बाबांसाठी एक घड्याळ आणलं होतं. ते हातात असलं की बाबा कुठं आहेत हे त्याला मोबाइलवर दिसणार होतं. मुलगा प्रेमानं बोलत होता, हाच त्रास होता. रागावला असता तर भांडता आलं असतं. श्रीनिवासरावांनी घड्याळ मनगटावर बांधून घेतलं, आणि सोमवारी सकाळी ते घालूनच शिबिर घेणाऱ्या दवाखान्यात फेरतपासणीचा अर्ज करायला गेले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी अहवालाकडे एकदा आणि घड्याळाकडे एकदा पाहिलं. फेरतपासणी पंधरा दिवसांनी. अर्ज आहे, पण दुसऱ्या भागात पाचपेक्षा कमी असतील तर अर्जावर घरच्या माणसाची सही लागते.

"अर्जदाराची सही चालत नाही?"

"करा ना. पण ती धरत नाहीत."

इतकं निर्विकार 'नाही' श्रीनिवासरावांनी आजवर फक्त स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांना त्या माणसाविषयी थोडा आदर वाटला, आणि घरी येताना ती हजारो पत्रं ज्यांना गेली त्यांची तोंडं कशी झाली असतील, असा विचार पहिल्यांदाच मनात आला. तो त्यांनी लगेच काढून टाकला. एका वेळी एकच अपमान पुरे होता.

हेमाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, सही केली आणि कागद परत देताना म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी मला पुन्हा विचारतील. मी पुन्हा खरंच सांगणार."

म्हणजे कामं शिकणं आलं. श्रीनिवासरावांनी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. त्याच दिवशी, सोमवारी, कपडे. मशीनवर अकरा बटणं होती. त्यांनी सगळी आलटून पालटून दाबली, आणि नव्या लाल टॉवेलसकट सगळे पांढरे कपडे आत घातले. त्या दिवसापासून त्यांचे बनियन आणि शर्ट गुलाबी आहेत. मंगळवारी केर काढला. तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आला, तिथून गॅलरीत गेला आणि खांबेट्यांच्या वाळत घातलेल्या लेंग्यांवर पडला. याबद्दल श्रीनिवासरावांना खेद झाला नाही.

बुधवारी खरेदी. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर आणणं हे काही कर्तृत्व नव्हे, खरेदी करायची तर मुळापासून करावी, असं त्यांच्या मनानं घेतलं. पहाटेची बस पकडून ते मार्केट यार्डात गेले. तिथं जुड्यांचे डोंगर लागले होते. त्यांनी एका गाळ्यावर जाऊन, कोथिंबीर ताजी आहे का, असं विचारलं. व्यापाऱ्यानं यांच्या गुलाबी कॉलरकडे पाहिलं आणि म्हणाला, इथं शेकड्यानं मिळतं, घ्यायचं असलं तर बोला. मागे माणसं खोळंबली होती. "एक जुडी" हे शब्द श्रीनिवासरावांच्या ओठांपर्यंत आले, पण कुणासमोर कमीपणा घ्यायचा नाही, या सवयीनं ते मागे ढकलले. त्यांनी नुसती मान हलवली. मान हलते न हलते तोच सर्जेराव नावाच्या हमालानं गोणी डोक्यावर घेतली.

"कुठं हाय गाडी, मालक?"

'मालक' या शब्दानं उरलासुरला विरोध संपला. गर्दीतून वाट काढत जाणाऱ्या सर्जेरावाच्या मागोमाग ते रिक्षापर्यंत गेले, आणि शंभर जुड्या कोथिंबिरीसह सदाशिव पेठेत परतले. रिक्षावाल्यानं विचारलं, खानावळ आहे का? ते हो म्हणाले. नाही म्हणून पुढचं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

जुड्या बादल्यांत मावल्या नाहीत, तेव्हा पलंगावर पसरल्या. हेमाताईंनी दारातून एकदा पाहिलं, त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. चव्वेचाळीस वर्षांत त्यांना सकाळी आठ वाजता पेपर वाचताना श्रीनिवासरावांनी पाहिलं नव्हतं. बोलल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी कोथिंबीर वाटायला घेतली. लोकांनी ती घेतली, पण ज्या नजरेनं घेतली ती नजर ओळखण्याइतकी बुद्धी त्यांच्यात शिल्लक होती. प्रत्येक घरात दार लागल्यावर आत कुजबुज ऐकू यायची. तिसऱ्या मजल्यावर विजयमालाबाईंनी नाव-पत्ता सांगून झाल्यावर विचारलं, आणखी किती उरल्या आहेत? साठ, असं म्हणताना श्रीनिवासरावांचा आवाज जरा फाटला. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं: मांजरी, घड्याळ, खिडकीवरचा माणूस, आणि आपल्याला साधी जुडीसुद्धा घेता येत नाही हे. असं ते हेमाताईंजवळही बोलले नव्हते.

विजयमालाबाईंनी पदर खोचला. "बेसन आहे का घरात?" त्या म्हणाल्या. ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्या स्वतःच बघायला आल्या.

कोथिंबीर वडीचा पहिला घाणा कढईत विरघळला. दुसऱ्याचा उपयोग खिडकीची काच बसवायला झाला असता. विजयमालाबाई स्टुलावर बसून सूचना देत होत्या, हात लावत नव्हत्या. पाचव्या घाण्याला ज्या वड्या झाल्या त्या पाहून हेमाताईंनी पेपर खाली ठेवला. एक खाल्ली. दुसरी घेतली. "मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. कुठल्याही अहवालानं श्रीनिवासरावांना इतका आनंद झाला नसता. खांबेट्यांकडे बशी गेली, त्यांनी आठ वड्या खाल्ल्या आणि त्या संपेपर्यंत एकोणतीस गुणांचा उल्लेख केला नाही.

पुढच्या दिवसांत खिचडी झाली, वरणभात झाला. पोळ्या झाल्या, पण त्यांच्या आकारावर न बोलणंच बरं. औषधांची डबी त्यांनी आपणच भरायला घेतली, आणि आपण रोज किती गोळ्या घेतो हे त्यांना पहिल्यांदाच समजलं.

फेरतपासणीला सुरुचीच होती. या वेळी त्यांनी शब्द ऐकले. मजला विचारला तेव्हा मुकाट्यानं एक आकडा सांगितला. तीसपैकी अठ्ठावीस पडले. मग हेमाताईंना बोलावलं. त्यांनी पुन्हा खरंच सांगितलं: पोळी गोल नसते, पण असते. कपडे धुतात, रंगाचं काही सांगता येत नाही. केर मात्र अजून खाली पडतो. आठपैकी सात.

सुरुचीनं अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, "काकू, तुम्हीही पासष्टच्या पुढच्या ना? मग तुमचीही करून टाकू."

हेमाताईंना पहिल्या भागात तीसपैकी तीस पडले. श्रीनिवासराव कौतुकानं ऐकत होते. दुसऱ्या भागात सहा कामं झरझर झाली, आणि मग सुरुचीनं बँकेचं विचारलं. "हे बघतात," हेमाताई म्हणाल्या. एकट्या प्रवास करता का? त्यांनी जरा विचार केला. "नाही केला कधी. हे सोबत असतात, नाहीतर सोडायला येतात."

श्रीनिवासराव घाईनं मध्ये पडले. तिला सगळं येतं, तिच्यावर वेळच आली नाही, असं ते सांगू लागले आणि वाक्याच्या मध्येच थांबले. पासबुक त्यांच्याच कपाटात असतं, किल्ली त्यांच्याच खिशात. तिकीट नेहमी तेच काढतात. वेळ आली नव्हती, की त्यांनी येऊ दिली नव्हती? सुरुची पेन धरून वाट पाहत होती. त्या चौकटीत काय जाणार ते त्यांना ठाऊक होतं. "काही नाही, लिहा तुम्ही," ते म्हणाले.

हैदराबादचं तिकीट हेमाताईंनी स्वतः मोबाइलवर काढलं, अवधूतला फोनवर विचारून. त्याला लागला तो पाऊण तास श्रीनिवासराव शेजारच्या खुर्चीत बसून होते आणि बोलले नाहीत. त्यांच्या मते आठ कामांपेक्षा हे अवघड होतं. घड्याळ त्यांनी अवधूतला परत दिलं. पुणे स्टेशनावर गाडी हलली तेव्हा खिडकीतल्या हेमाताईंचा चेहरा पहिल्यांदा सहलीला निघालेल्या मुलीसारखा दिसत होता, आणि फलाटावरच्या आपल्या चेहऱ्याविषयी श्रीनिवासरावांनी विचार केला नाही.

स्वरालीला मुलगा झाला. श्रीनिवासराव एकटे राहिले आणि उत्तम राहिले. फोनवर ते रोज काय काय शिजवलं त्याचा वृत्तांत द्यायचे. तिकडे हेमाताई एकट्या रिक्षानं बाजारात जाऊ लागल्या. स्वरालीच्या बँकेतही जाऊन आल्या. तीन महिने संपत आले तेव्हा एका दुपारी त्यांचा फोन आला. इथं सगळे आग्रह करताहेत, तेव्हा आणखी महिनाभर राहावं म्हणते. तुमचं काही अडत नाही ना?

अडत काहीच नव्हतं. घर झाडलेलं होतं, कपडे दोरीवर होते, कुकर नुकताच उतरवला होता, वरणाला मोहरीची फोडणी बसली होती. आपल्याला हवं ते सगळं सिद्ध करून झालं आहे आणि आता त्यातून बाहेर पडायला वाट नाही, हे श्रीनिवासरावांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा साफ केला.

"अडत नाही तसं. पण ती मोहरी कुठं ठेवलीयस, सापडत नाहीये."

पलीकडे बाळ कुठंतरी कुरकुरत होतं.

"तुमच्या समोर आहे," हेमाताई म्हणाल्या. "फोडणीचा वास मला इथं येतोय." मग त्या म्हणाल्या, "रविवारचं तिकीट काढते. स्टेशनवर या. सामानासाठी नाही, असेच या."